गावातल्या मापांवरून गुणोत्तर-प्रमाणाची उदाहरणे : प्रकल्प नोंदी

२४ जून २०२५

सातवी-आठवीच्या मुलांसाठी गुणोत्तर आणि प्रमाण या विषयावर शाब्दिक उदाहरणांचा एक संच तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. आमची शाळा तासगाव भागातली आहे. इथल्या मुलांच्या घरी द्राक्षबाग, ऊस, गवंडीकाम किंवा किराणा दुकान यांपैकी काहीतरी असतेच, त्यामुळे मापे त्यांच्या रोजच्या पाहण्यात आहेत. संचातील प्रत्येक उदाहरण अशा जागेवरून यावे, जिथे गावातला कोणीतरी माणूस खरोखर मोजून काहीतरी ठरवतो, अशी अट आम्ही घालून घेतली आहे. ‘क्ष मजूर एक भिंत इतक्या दिवसांत बांधतात’ अशा उदाहरणांवर मुलांचा हात पुरेसा बसलेला आहे. त्यांची भर पुन्हा घालण्याची गरज नाही.

या कामाचे कारण आजच्या तासाला स्पष्ट दिसले. फळ्यावर दोन प्रश्न दिले होते. पहिला असा, की ५ वह्यांची किंमत १७५ रुपये असेल तर ८ वह्यांची किती. त्याचे २८० रुपये हे उत्तर जवळजवळ सर्वांनी बरोबर काढले. दुसरा असा, की आईचे वय ३६ आणि मुलीचे १२ वर्षे असेल, तर मुलगी १८ वर्षांची होईल तेव्हा आईचे वय किती असेल. याचे उत्तर ४२ आहे. मात्र बऱ्याच मुलांनी तिरकस गुणाकार करून ५४ लिहिले. तीन संख्या दिसल्या की चौथी काढायची, ही क्रिया त्यांना उत्तम येते. अडचण त्याआधीच्या पायरीवर आहे. कोणत्या दोन राशी एकमेकींशी बांधलेल्या आहेत, त्यांच्यातले नेमके काय कायम राहते आणि ते कुठवर कायम राहते, हे ठरवण्याची सवय त्यांना नाही. वह्यांच्या प्रश्नात भागाकार कायम राहतो, वयाच्या प्रश्नात वजाबाकी. म्हणून संचातील प्रत्येक उदाहरणाखाली ‘आकडेमोडीपूर्वी लिहा’ असा रिकामा भाग ठेवायचा आणि त्यात ‘कायम काय आहे’ हे मुलांनी वाक्यात लिहायचे, असे ठरवले. या भागाला उत्तराइतकेच गुण असतील.

३ जुलै २०२५

पहिले उदाहरण शाळेच्याच स्वयंपाकघरातून मिळाले. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदूळ असे प्रमाण ठरलेले आहे. डाळ अनुक्रमे २० आणि ३० ग्रॅम, भाजी ५० आणि ७५ ग्रॅम, तर तेल ५ आणि ७.५ ग्रॅम आहे. मुलांनी हे आकडे शेजारी-शेजारी मांडले तेव्हा चारही ठिकाणी २ : ३ हेच गुणोत्तर निघते, हे त्यांचे त्यांनाच दिसले, आणि त्यावर वर्गात बराच वेळ चर्चा झाली.

उदाहरण असे केले आहे : एके दिवशी लहान गटात ८४ आणि मोठ्या गटात ५६ मुले हजर आहेत. दोन्ही गटांना मिळून किती तांदूळ लागेल आणि तो दोन गटांत कोणत्या गुणोत्तरात वाटला जाईल? लहान गटाला ८.४ किलो आणि मोठ्या गटालाही ८.४ किलो, म्हणजे एकूण १६.८ किलो. मुलांच्या संख्येचे गुणोत्तर ३ : २, माणशी वाट्याचे गुणोत्तर २ : ३, आणि या दोहोंच्या गुणाकाराने एकूण तांदळाचे गुणोत्तर १ : १ होते. संयुक्त गुणोत्तर हा भाग पुस्तकात वाचताना मुलांना कोरडा वाटतो. इथे मात्र दोन पातेल्यांत सारखाच तांदूळ का पडला, याचे उत्तर म्हणून तो समोर येतो. संख्या मुद्दाम अशा निवडल्या आहेत.

स्वयंपाक करणाऱ्या मावशींना मुलांनी विचारले, की तांदूळ दुप्पट झाला तर पाणी आणि वेळही दुप्पट घेता का. त्या म्हणाल्या, “न्हाई रं बाळा, पाणी दुप्पट घातलं तर भाताचा गिच्चा होतोय. मोठ्या पातेल्याला जरा कमीच लागतं.” यामागचे कारण विज्ञानाच्या मॅडमनी वर्गात समजावून सांगितले. शिजताना पाण्याचा एक भाग तांदूळ शोषून घेतो आणि तो तांदळाच्या प्रमाणात असतो. दुसरा भाग वाफ होऊन जातो. तो पातेल्याचे तोंड, झाकण आणि शिजण्याचा वेळ यांवर ठरतो. तांदूळ दुप्पट झाला म्हणून पातेल्याचे तोंड दुप्पट होत नाही. मावशींचे हे वाक्य उदाहरणाच्या खाली जसेच्या तसे छापायचे आहे, कारण प्रमाणाचा नियम कुठे थांबतो हे त्यांना हाताने ठाऊक आहे.

८ जुलै २०२५

पावसाळ्यात जुलाबाच्या तक्रारी वाढतात, म्हणून जलसंजीवनीचे उदाहरण आत्ताच घ्यावे असे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या ओआरएसच्या पुडीत २०.५ ग्रॅम भुकटी असते आणि ती १ लिटर पाण्यासाठी असते. त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम असते. पुडी नसेल तर घरी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालतात.

प्रश्न असा ठेवला : एका घरी संपूर्ण पुडी २०० मिलिलिटरच्या एका पेल्यात कालवून बाळाला दिली. काय चुकले? मुलांपैकी काहींनी असे म्हटले, की पुडीतल्या घटकांचे आपसातले गुणोत्तर तर बरोबरच आहे. त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि शिकवण्याची जागाही तीच आहे. साखर आणि मीठ यांचे गुणोत्तर पेल्यातही तेच राहते. पण भुकटी आणि पाणी यांचे गुणोत्तर पाचपट होते आणि मिठाचे एवढे तीव्र पाणी लहान मुलाला धोक्याचे असते. एकाच मिश्रणात अनेक गुणोत्तरे असतात. त्यांतले एक जपले म्हणजे सर्व जपली गेली असे होत नाही.

दुसरा भाग : एका पेल्यापुरते करायचे तर भुकटी किती? उत्तर ४.१ ग्रॅम. घरी केलेल्या पाण्याच्या बाबतीत एका पेल्याला साखर १.२ चमचे आणि मीठ एका चमच्याचा दहावा भाग येतो. कागदावर हे उत्तर निर्दोष आहे, परंतु चमच्याचा दहावा भाग कोणत्याही घरी नेमका मोजता येत नाही. म्हणूनच पूर्ण लिटर एकदम तयार करून ते २४ तासांच्या आत संपवावे, उरलेले टाकून द्यावे, असे सांगितले जाते. प्रमाण खाली आणताना हातातले माप कुठवर विश्वासाचे आहे हे पाहावे लागते, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसली पाहिजे अशी माझी तळमळ आहे. या एका उदाहरणात चुकीच्या उत्तराची किंमत गुणांमध्ये मोजता येत नाही.

१९ जुलै २०२५

शाळेच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीसाठी ओटा बांधण्याचे काम चालू आहे. आठवीच्या मुलांना घेऊन मिस्त्री काकांकडे गेलो. ओट्याच्या स्लॅबसाठी ते १ : दीड : ३ असा माल करतात : सिमेंट १ भाग, वाळू दीड भाग, खडी ३ भाग. एम-२० दर्जाच्या काँक्रीटसाठी हे नेहमीचे प्रमाण आहे. हे भाग आकारमानाचे आहेत, वजनाचे नाहीत, हा पहिला धडा त्यांनी मुलांना दिला. ५० किलोच्या एका पोत्यातले सिमेंट सुमारे ३५ लिटर जागा व्यापते. म्हणून त्यांचा लाकडी फरमाही त्याच मापाचा आहे. मुलांनी पट्टीने आतून मोजले तर लांबी ४०, रुंदी ३५ आणि उंची २५ सेंटिमीटर भरली, म्हणजे ३५,००० घन सेंटिमीटर, अर्थात बरोबर ३५ लिटर. एका पोत्याला वाळूचे दीड फरमे आणि खडीचे तीन फरमे, असा हिशेब त्यामुळे सरळ होतो. घमेल्याने मोजले की भरण्याच्या पद्धतीवर माप कमी-जास्त होते, म्हणून मोठ्या कामाला फरमाच हवा, असे काकांचे आग्रहाचे मत आहे.

पुढे जे घडले ते या प्रकल्पातील मला सर्वांत मोलाचे वाटते. मुलांनी हिशेब केला, की १ + १.५ + ३ = ५.५ भाग, म्हणून एका पोत्याचा माल ५.५ × ३५ = १९२.५ लिटर. काका म्हणाले, “एवढा होत नाही. सव्वाशे लिटरच्या आसपास होतो.” मुले गोंधळली, उरलेला माल गेला कुठे? काकांनी खडीने भरलेला फरमा पुढे ओढला आणि त्यात वरून वाळू ओतली. फरमा काठोकाठ भरलेला असूनही बरीच वाळू खडीच्या फटींत उतरली. वाळूच्या कणांमधल्या फटींत तसेच सिमेंट आणि पाणी जाते. अभियंते यासाठी १.५४ हा गुणक धरतात : तयार काँक्रीटच्या प्रत्येक १ घनमीटरला कोरडा माल १.५४ घनमीटर लागतो. १९२.५ ला १.५४ ने भागले की १२५ लिटर येतात, म्हणजे काकांचा सव्वाशे. १ घनमीटर म्हणजे १,००० लिटर, म्हणून १ घनमीटर काँक्रीटला ८ पोती सिमेंट.

यावरून उदाहरण असे घेतले : ओट्याचा स्लॅब २.५ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड आहे. सिमेंटची पोती किती आणि वाळू व खडीचे फरमे किती लागतील? आकारमान ०.७५ घनमीटर, म्हणून ६ पोती, वाळूचे ९ फरमे, खडीचे १८ फरमे. पोती, वाळू आणि खडी या तिन्ही गोष्टी काँक्रीटच्या आकारमानाशी समप्रमाणात आहेत. मात्र भागांची बेरीज म्हणजे काँक्रीट नव्हे. ‘कायम काय आहे’ या भागात मुलांनी हे लिहावे अशी अपेक्षा आहे.

पाण्याचे प्रमाण मात्र वजनावर आहे : सिमेंटच्या वजनाच्या निम्मे धरले तर एका पोत्याला २५ लिटर. माल पातळ आणि हाताला हलका व्हावा म्हणून पाणी वाढवले, तर काँक्रीटची ताकद घटते.

पावसाळ्याचा आणखी एक मुद्दा काकांनी सांगितला, तोही संचात घेत आहे. ओलसर वाळू फुगते. कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसून ते एकमेकांपासून दूर सरतात आणि त्याच फरम्यात वाळू कमी मावते. वाळू २० टक्के फुगलेली असेल तर दीड फरम्याऐवजी १.५ × १.२ = १.८ फरमे घ्यावे लागतील. गुणोत्तर तेच ठेवण्यासाठी माप बदलावे लागते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला सुचणार नाही.

३० जुलै २०२५

आज खतांच्या पोत्यांवर काम केले. मुलांनी घरून रिकामी पोती आणली होती. १०:२६:२६ हे नाव सर्वांच्या तोंडी असते, पण त्याचा अर्थ फारच थोड्यांना सांगता आला. हे आकडे नत्र, स्फुरद आणि पालाश यांच्या टक्केवारीचे आहेत : ५० किलोच्या पोत्यात नत्र ५ किलो, स्फुरद १३ किलो आणि पालाश १३ किलो.

एका मुलीने हात वर करून विचारले, “सर, मग याला ५ : १३ : १३ असं लिहिलं तर चालेल का? आपण गुणोत्तराला संक्षिप्त रूप देतोच ना?” प्रश्न अतिशय नेमका होता. तीन घटकांचे आपसातले गुणोत्तर ५ : १३ : १३ हेच आहे, त्यात शंका नाही. परंतु पोत्यावरचा प्रत्येक आकडा एकूण १०० भागांशी बांधलेला आहे आणि तो १०० तिथे लिहिलेला नसला तरी अध्याहृत आहे. संक्षिप्त रूप दिले की तो धागा तुटतो. १९:१९:१९ आणि १५:१५:१५ ही दोन खते संक्षिप्त रूपात १ : १ : १ होऊन एकसारखी दिसतील, पण तेवढेच नत्र देण्यासाठी दुसरे खत जास्त टाकावे लागेल : पहिल्याचे १५ किलो आणि दुसऱ्याचे १९ किलो सारखे भरतात. हा प्रश्न त्या मुलीच्या शब्दांतच संचात ठेवला आहे.

हिशेबाचे उदाहरण : एका शेताला नत्र ४० किलो, स्फुरद २६ किलो आणि पालाश २६ किलो द्यायचे आहे. १०:२६:२६ ची दोन पोती घेतली की स्फुरद आणि पालाश पूर्ण होते, नत्र १० किलो मिळते आणि ३० किलो उरते. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणून ३० ÷ ०.४६ = सुमारे ६५.२ किलो युरिया. युरियाचे पोते आता ४५ किलोचे येते, पूर्वीसारखे ५० चे नाही. त्यामुळे दीड पोते, म्हणजे ६७.५ किलो, पुरते आणि थोडे उरते.

११ ऑगस्ट २०२५

द्राक्षबागेत बुरशीविरुद्ध फवारायचे बोर्डो मिश्रण : १ टक्का तीव्रतेसाठी मोरचूद (तांब्याचा क्षार) १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १०० लिटर. ६०० लिटरच्या टाकीला प्रत्येकी ६ किलो, १५ लिटरच्या पाठीवरच्या पंपाला प्रत्येकी १५० ग्रॅम. आकडेमोड सोपी आहे, म्हणून ती लवकर संपवली. लक्ष वेधायचे ते एका वेगळ्या गोष्टीकडे. मोरचूद आणि चुना यांचे १ : १ हे प्रमाण चुना चांगला असेल तेव्हाचे आहे. चुना जुना, हवेने विरलेला असेल तर तो कमी पडतो आणि मिश्रण आम्लधर्मी राहून पानांना इजा करते. त्यासाठी शेतकरी तयार द्रावणात लोखंडी विळा किंवा चाकू बुडवून पाहतात. त्यावर तांब्याचा लालसर थर चढला तर आणखी चुन्याची निवळी घालतात. इथे प्रमाण ही सुरुवात आहे आणि शेवटचा निर्णय विळा देतो. दोन मुलांच्या वडिलांनी हे करून दाखवण्याचे कबूल केले आहे.

भूगोलाच्या नकाशाचा भागही आजच उरकला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर. अंतरापुरते कोणाचेच चुकत नाही. क्षेत्रफळ विचारले की १ चौरस सेंटिमीटर म्हणजे अर्धा चौरस किलोमीटर असे उत्तर येते, ते पाव चौरस किलोमीटर, म्हणजे २५ हेक्टर आहे. एक आकृती पुरेल.

२१ ऑगस्ट २०२५

आपल्याकडे या गणिताला त्रैराशिक म्हणत आले आहेत आणि त्याची मांडणी भास्कराचार्यांनी लीलावतीत, सुमारे ११५० साली, जितकी स्वच्छ केली आहे तितकी आजच्या पुस्तकांतही क्वचित दिसते. ज्ञात जोडीतली पहिली राशी ‘प्रमाण’, तिच्यामुळे मिळणारे ते ‘फल’ आणि ज्याविषयी विचारले आहे ती ‘इच्छा’. प्रमाण आणि इच्छा या एकाच जातीच्या राशी असतात, म्हणून त्या दोन टोकांना लिहायच्या आणि भिन्न जातीचे फल मध्ये. फलाला इच्छेने गुणून प्रमाणाने भागले की उत्तर. जात ओळखण्याची ही पायरी मला फार महत्त्वाची वाटते. मुले किलोखाली रुपये लिहितात, तेव्हा त्यांची चूक गुणाकारात नसते, या पायरीवर असते.

त्यांचे केशराचे उदाहरण जसेच्या तसे घेतले : अडीच पले केशर ३/७ निष्काला मिळते, तर ९ निष्कांना किती? (पल हे जुने वजन, निष्क हे जुने नाणे.) उत्तर साडेबावन्न पले. अपूर्णांकांची भीती घालवायला ते उत्तम आहे.

याहून माझे लक्ष वेधले ते व्यस्त त्रैराशिकाने. नियम सांगून भास्कराचार्य थांबत नाहीत, तो कुठे लावायचा त्या जागाही सांगतात : सोन्याचा कस वाढला की त्याच मोलात मिळणारे वजन कमी होते, आणि तीच रास मोठ्या मापाने मोजली की मापांची संख्या कमी भरते. म्हणजे आकडेमोडीपूर्वी संबंध ओळखण्याचा आग्रह नऊशे वर्षांपूर्वीही होता. धान्याच्या राशीचे त्यांचे उदाहरण असे : ७ आढकांच्या (आढक हे धान्याचे जुने माप) मापाने रास १०० मापे भरते, तर ५ आढकांच्या मापाने किती भरेल? इथे भागाकार कायम राहत नाही, गुणाकार कायम राहतो, ७ × १०० = ५ × १४०. त्याला जोडून आपल्या मापांचे उदाहरण केले : ६० पायली ज्वारी अधोलीने मोजली तर १२० आणि शेराने मोजली तर २४० मापे. पायली म्हणजे ४ शेर आणि अधोली म्हणजे २ शेर, हे आजी-आजोबांकडून विचारून यायला सांगितले आहे.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. तिथल्या शिलालेखात ही नोंद आहे आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख अभ्यासकांसमोर आणला. ही माहिती उदाहरणाच्या बाजूला चौकटीत द्यायची आहे. हे गणित आपल्याच मुलखात मठ उभारून शिकवले जात होते, हे मुलांना समजले पाहिजे.

१० सप्टेंबर २०२५

उसाच्या एफआरपीचे, म्हणजे शेतकऱ्याला उसासाठी द्यायच्या किमान दराचे, उदाहरण सर्वांत कठीण म्हणून शेवटी ठेवले होते. ते आज तयार झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला दर असा आहे : साखर उतारा (उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघते ते) १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३५५ रुपये. त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ आणि त्याखाली प्रत्येक ०.१ टक्क्याला तेवढीच घट. मात्र उतारा साडेनऊ टक्के किंवा त्याहून कमी असला तरी दर ३२९.०५ रुपयांच्या खाली जात नाही.

मुलांना पहिला प्रश्न : हा दर उताऱ्याशी समप्रमाणात आहे का? नियमाची भाषा वाढ आणि घटीची असल्यामुळे बहुतेकांना तो वयाच्या उदाहरणासारखा वाटला. मग ३५५ ला १०.२५ ने भागायला सांगितले. भागाकार ३४.६३ येतो, म्हणजे ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. वाढीचा आकडा मूळ दरातूनच काढलेला आहे. ११.२५ टक्के उताऱ्याला नियमाने ३५५ + ३४.६० = ३८९.६० रुपये आणि समप्रमाणाने ३८९.६३ रुपये, तीन पैशांचा फरक केवळ दशांशाच्या पूर्णांकनाचा. म्हणजे साडेनऊ टक्क्यांच्या वर हा संबंध शुद्ध समप्रमाणाचा आहे. साडेनऊच्या खाली तो तुटतो : ९ टक्के उताऱ्याला समप्रमाणाने ३११.७१ रुपये आले असते, पण शेतकऱ्याला संरक्षण म्हणून ३२९.०५ रुपयेच मिळतात. आलेख काढल्यावर डावीकडे आडवी रेषा आणि पुढे चढती रेषा दिसते. चढती रेषा पट्टीने मागे वाढवली तर ती बरोबर शून्यातून जाते. समप्रमाणाची खूण म्हणून हे मुलांना दाखवायचे आहे.

दुसरा प्रश्न घराघरातला आहे. एफआरपीतून ऊसतोडणी आणि वाहतुकीचा खर्च वजा होऊन उरलेली रक्कम खात्यावर जमा होते. उदाहरणासाठी हा खर्च टनाला ९०० रुपये धरला. १०.२५ टक्के उताऱ्याला ३,५५० − ९०० = २,६५० रुपये हाती येतात. आता उतारा ११.२५ टक्के झाला तर हाती किती? २,६५० ला ११.२५/१०.२५ ने गुणणाऱ्याला सुमारे २,९०९ मिळतील. खरे उत्तर ३,८९६ − ९०० = २,९९६. टनामागे सुमारे ८७ रुपयांचा आणि ६० टनांच्या खेपांवर सव्वापाच हजार रुपयांचा हा फरक आहे. उतारा पावणेदहा टक्क्यांनी वाढला, हातातली रक्कम मात्र तेरा टक्क्यांनी. समप्रमाणात असलेल्या राशीतून एक स्थिर रक्कम वजा केली, की उरलेली राशी समप्रमाणात राहत नाही. तोडणीवाल्यांना टनावर पैसे द्यावे लागतात, त्यांना उताऱ्याशी देणेघेणे नसते, हे मुलांना सांगावे लागले नाही.

या उदाहरणावर एक पूर्ण तास खर्च करावा असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या घरात वर्षाचे उत्पन्न या हिशेबावर ठरते, त्या घरातल्या मुलाला तो पावती हातात घेऊन तपासता आला पाहिजे.

२२ सप्टेंबर २०२५

संच सातवीच्या एका तुकडीवर वापरून पाहिला. ‘कायम काय आहे’ हा भाग सुरुवातीला मुलांना जाचक वाटला, कारण उत्तर माहीत असूनही वाक्य लिहावे लागत होते. खतांच्या उदाहरणापर्यंत येता येता वाक्ये नेमकी होऊ लागली. ‘तांदूळ आणि मुलं’ असे मोघम लिहिणारेच पुढे ‘एका मुलाला लागणारा तांदूळ कायम आहे’ असे लिहू लागले. वयाचा प्रश्न संख्या बदलून पुन्हा दिला, तेव्हा तिरकस गुणाकार करणारे थोडेच राहिले. काँक्रीटचा १.५४ हा गुणक सातवीला जड गेला. तो भाग आठवीकडे सरकवला आहे. एसटीच्या भाड्याचे एक छोटे उदाहरण वाढवले आहे : भाडे ६ किलोमीटरच्या टप्प्यावर आकारले जाते, त्यामुळे ते अंतराबरोबर सलग वाढत नाही, पायरी-पायरीने चढते.

छपाईपूर्वी एकच उदाहरण पूर्ण व्हायचे आहे, ते बेदाण्याचे. गावात ‘चार किलोला एक किलो’ असे म्हणतात, पण हा अंदाज कशावर अवलंबून आहे हे मुलांनी शोधायचे आहे. वाळताना पाणी जाते आणि घन पदार्थ तसाच राहतो. कायम आहे तो घन पदार्थ. १०० किलो द्राक्षांत २२ टक्के घन पदार्थ असेल आणि बेदाण्यात १५ टक्के पाणी ठेवायचे असेल, तर बेदाणा २२ ÷ ०.८५, म्हणजे सुमारे २५.९ किलो होतो. घन पदार्थ २४ टक्के असेल तर तोच २८.२ किलो होतो. हे आकडे सध्या कागदावरचे आहेत. फेब्रुवारीत शेडवर द्राक्षे वाळत घातली जातील, तेव्हा रिफ्रॅक्टोमीटरवरची गोडी आणि वाळण्यापूर्वीचे व नंतरचे वजन मुलांनी स्वतः नोंदवायचे, असे शेडमालकांशी बोलून ठरवले आहे. तोवर त्या पानावर तक्ता रिकामा सोडून बाकीचा संच छपाईला देत आहोत.